बागदोर हातात घेण्याआधी

बाळा,

तुझा घोडा आता गावाबाहेरच्या सामायिक पागेत उभा राहणार, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. घोड्यावर कसं बसायचं हे शिकवणारे तुला पुष्कळ भेटतील. पण ठाणातून पाण्यापर्यंत, पाण्यावरून धुवायच्या फरशीपर्यंत आणि तिथून परत ठाणापर्यंत घोडा हाताने कसा न्यायचा, हे कुणी मुद्दाम बसवून सांगत नाही. सगळ्यांना ते सोपं वाटतं. पागेतली बहुतेक दुखणी मात्र त्याच पन्नास पावलांत होतात.

सामायिक पागा म्हणजे जुन्या वाड्याचा चौक. नळ एक, दिंडी एक आणि बिऱ्हाडं अनेक. तिथे आपल्या घोड्यापुरतं पाहून भागत नाही. तुझा घोडा बिचकला की शेजारची घोडी बिचकते, आणि तिच्या पाठीवर त्या वेळी कुणाचं तरी सात-आठ वर्षांचं पोर बसलेलं असतं. म्हणून हे एवढं लांबण. एका बैठकीत वाचू नकोस, रोज थोडं वाच. तुला घाई फार, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

१. ठाणाच्या दारात थांब, नाव घेऊन बोलाव आणि मग आत पाऊल टाक — घोडा उभ्या-उभ्या डुलकी काढतो, आणि झोपेत अंगाला हात लागला की तो आधी लाथ झाडतो, मग बघतो. आधी हाक, मग हात.

२. खांद्याच्या बाजूने तिरकं जवळ जा — डोळे बाजूला असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीच्या मागचं दिसत नाही.

३. पहिले काही दिवस नुसते कान बघ. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, टोकं एकमेकांना टेकतात. घोडा शांत असताना ते कसे राहतात हे डोळ्यांत बसलं की मागे चिकटवलेले कान लगेच ओळखू येतात — आणि कान मागे चिकटले की पुढची पाळी दातांची किंवा टापांची.

४. पायात जाड बूट हवा, चप्पल किंवा कापडी बूट नको — साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर पाय देताना तुझी बोटं बघत नाही.

५. मोहरकी घातली की तिला बागदोर लाव आणि मगच दार उघड. नुसती मोहरकी धरून ‘इथल्या इथेच तर न्यायचाय’ म्हणू नकोस — त्याने मान वर झटकली की पट्ट्यात किंवा कडीत अडकलेली बोटं सुटत नाहीत.

६. आता दोर कसा धरायचा ते. उजवा हात मोहरकीच्या कडीपासून वीतभर खाली, मूठ सैल पण जागी. उरलेला दोर डाव्या हातात, मागे-पुढे घड्या घालून, आणि मूठ त्या घड्यांच्या बाहेरून. मनगटाला, कोपराला, बोटाला वेढा कधीही घ्यायचा नाही — घोडा उधळला की वेढा आवळतो आणि माणूस फरफटत जातो, मग सोडायचं मनात असून उपयोग नसतो. दोर मुठीत, वेढा कधी न बोटांत.

७. दोराचं टोक जमिनीवर लोळू देऊ नकोस — त्यावर घोड्याचा पाय पडला की तो स्वतःचीच मान खाली ओढतो, घाबरतो आणि मागे उसळतो.

८. हातमोजे घाल, उन्हाळ्यातसुद्धा — सुताचा दोर हातातून सरकला तरी कातडी सोलते, नायलॉनचा तर भाजूनच काढतो.

९. फोन खिशात, आणि खिशाची चेन बंद — घोड्याच्या कानांनी दिलेली सूचना एका क्षणाची असते.

चालताना तू त्याच्या डाव्या खांद्याजवळ असावंस. पुढे जाऊन ओढायचं नाही, मागे राहून हाकायचं नाही. पुढे राहिलीस तर बिचकलेला घोडा तुझ्या पाठीवर येतो. मागे राहिलीस तर मान त्याच्या ताब्यात जाते. खांद्याशी असलीस की त्याचं डोकं, कान आणि पुढचे पाय एका नजरेत येतात, आणि त्यालाही तू दिसत राहतेस. नजर जिकडे जायचं तिकडे ठेव. पुष्कळ नवी मुलं घोडा अडला की वळून त्याच्या डोळ्यांत बघत दोर ताणतात, आणि तो आणखी पाय रोवतो. त्याऐवजी त्याला एक पाऊल बाजूला वळव. पाय हलले की चाल सुटते.

१०. वळताना घोडा आपल्यापासून दूर, उजवीकडे वळव आणि तू बाहेरच्या अंगाने चाल — आपल्याकडे ओढून वळवला तर त्याचे पुढचे पाय थेट तुझ्या पावलांवर येतात.

११. ठाणाचं दार पूर्ण उघड, भिंतीला टेकेपर्यंत, आणि कडीचा दांडा आत सरकवलेला आहे ना ते बोट लावून बघ — अर्ध्या दारातून निघताना पुठ्ठ्याचं हाड आपटलं, किंवा बाहेर आलेल्या दांड्याने बरगडी खरवडली, तर तो पुढे प्रत्येक दारातून झेप घेऊनच बाहेर पडेल.

१२. दारातून घोडा सरळ काढ, तिरका नाही. आणि सगळं अंग बाहेर आल्याशिवाय वळवू नकोस — पुढचा भाग वळला तरी मागचा अजून चौकटीत असतो, हे आपण विसरतो.

१३. खोगीर चढवलेला घोडा नेताना रिकिबी वर सरकवून ठेव आणि लगाम मानेवरून पुढे काढून हातात घे — लोंबती रिकीब कडीकोयंड्यात अडकते, आणि अडकलेला घोडा सुटेपर्यंत थांबत नाही.

१४. एका वेळी एकच घोडा. ‘दोघं शहाणी आहेत’ असं कुणी म्हणालं तरी नाही — एक पुढे गेला आणि एक मागे राहिला की मधे तुझे दोन्ही हात उरतात.

१५. दोन घोड्यांमध्ये निदान एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर ठेव, अनोळखी असेल तर दोन — अंतर राखलं की लाथ हवेत जाते.

१६. कोपऱ्यावर वळण्याआधी मोठ्याने ‘घोडा येतोय!’ म्हण. लाजू नकोस — पलीकडून घमेलं घेऊन येणाऱ्या सईसाला भिंतीतून दिसत नाही.

१७. समोरून दुसरा घोडा आला तर दोन्ही माणसं मधे आणि घोडे बाहेरच्या बाजूला असे जा. जागा अरुंद असेल तर ज्याचा घोडा शांत त्याने थांबावं — मान कुणाचा आणि आधी कोण, हे प्रश्न चहाच्या वेळी सोडवता येतात.

१८. बांधलेल्या घोड्याच्या मागून जायचं झालं तर एक तर अगदी चिकटून, पुठ्ठ्यावर हात ठेवून, बोलत जा, नाही तर टापेच्या पल्ल्याबाहेरून जा — मधल्या अंतरावर लाथेचा जोर सगळ्यात जास्त असतो.

१९. बांधलेल्या दोराखालून वाकून जाऊ नकोस, आणि खूर बघताना गुडघा टेकून बसू नकोस. उकिडवीच राहा — गुडघ्यावरून उठायला वेळ लागतो.

२०. धुवायच्या जागेत शहाबादी फरशी असेल तर पावलागणिक थांबत ने आणि ओल्या फरशीवर वळवायचं टाळ — लोखंडी नाल आणि ओला दगड यांचं कधी पटत नाही. तिथे रबरी चटया टाकून घ्यायचा आग्रह धर, खर्चात सगळे वाटेकरी होतील.

२१. हौदावर एका वेळी एकच, आणि त्याचं पिऊन झाल्यावर तोंडातलं पाणी गळेपर्यंत थांब — दोन तोंडं एका हौदावर आली की भांडण ठरलेलं.

आता अंडील घोडा आणि घोडी यांचं. आपल्याकडे खूप लोक घोडे खच्ची करत नाहीत, त्यामुळे सामायिक पागेत हा प्रश्न रोजचा आहे. घोडी माजावर असली तर ते मालकाने सकाळीच पागेच्या फळ्यावर लिहायला हवं. लिहिलेलं नसलं तर तू विचार, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. अंडील बाहेर काढायची वेळ ठरलेली असावी, आणि त्या वेळात घोड्या ठाणात. शिंगरू असलेल्या घोडीच्या आणि शिंगराच्या मधे कधी उभी राहू नकोस. एरवी गाईसारखी गरीब घोडीसुद्धा त्या काही आठवड्यांत कुणाची ओळख ठेवत नाही. लाथाळ घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधायची पद्धत चांगली आहे. तुझा घोडा लाथाळ निघाला तर फीत तू आपण होऊन बांध, दुसऱ्याने सांगायची वाट बघू नकोस.

२२. चंदी वाटायच्या वेळी कुणालाही बाहेर काढू नकोस, आत आणू नकोस — तोबऱ्याच्या आवाजाने सगळ्यांचं लक्ष पोटात गेलेलं असतं. चंदीच्या वेळी पाहुणा नको.

२३. दुसऱ्याच्या घोड्याला हातावर काहीही देऊ नकोस. गाजरसुद्धा मालकाला विचारून — घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं बाधलं तर पोटशूळ उठतो आणि त्याने घोडा दगावू शकतो. शिवाय हाताला तोंड लावायची सवय झाली की तो चालताना खिसे हुंगत, अंगावर रेलत येतो.

२४. नेताना वाटेत गवताला तोंड लावू देऊ नकोस, आणि कुंपणाला कण्हेर असेल तर ती काढायचा हट्ट धर — कण्हेरीची हिरवी किंवा वाळलेली मूठभर पानंही घोड्याचा जीव घेऊ शकतात. दसऱ्याला घोड्याला हार घालतो ना आपण, तो झेंडूचाच ओव, त्यात कण्हेरीचं फूल नको.

२५. सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा आणखी कुठून नवं जनावर आलं की ते पहिले दोन-तीन आठवडे वेगळं राहावं. त्याचा हौद, खरारा, दोर, सगळं वेगळं — नाकातून शेंबूड वाहणं किंवा जबड्याखाली गाठ येणं हे तेवढ्या दिवसांत दिसून येतं. ग्लँडर्ससारखा रोग तर घोड्याकडून माणसालाही होतो, म्हणून रक्ततपासणीचा कागद बघितल्याशिवाय नव्या घोड्याला आपल्या वाटेवर आणू देऊ नये.

२६. धनुर्वाताची लस घोड्याला आणि तुलाही वेळेवर — पागेच्या मातीत खिळे असतात, आणि घोड्याला हा रोग फार लवकर धरतो.

२७. टापांचा आवाज ऐकत चाल. चारांतली एक टाप वेगळी वाजली किंवा नाल खडखडली तर तिथेच थांबून खूर उचल — सैल नालेचा खिळा आत वळला की महिनाभर लंगडणं आलं. नालबंद महिना-दीड महिन्याने येतोच, पण नाल त्याच्या तारखेची वाट बघत नाही.

नालबंदावरून आठवलं. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांच्यासाठी माणूस नेमलेला, म्हणजे ‘कुणीतरी बघेल’ ही गोष्टच उरत नाही. तुमच्या पागेत प्रत्येक जण शिलेदार, आपापल्या घोड्याचा धनी. म्हणून मोठं फाटक कुणी बघायचं, हौद कुणी घासायचा, दिवे कुणी मालवायचे हे नावानिशी फळ्यावर लिहून घ्या. सगळ्यांचं काम, कुणाचंच नाव नाही, असं झालं की फाटक उघडं राहतं.

आणि आगीचं. चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या पागेच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी १६७० च्या दशकात एक पत्र लिहिलं होतं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण जपून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, हे त्यात आहेच. पण त्याबरोबर कुणी चुली पेटवतील, कुणी तमाखूसाठी विस्तव नेतील, उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील, मग पागा वाचणार नाही, हेही बारकाईने लिहिलंय. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो! मी ते पत्र वाचलं तेव्हापासून कडब्याच्या गंजीजवळ कुणी बिडी काढली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. तूही बोल, समोरचा वयाने मोठा असला तरी.

२८. प्रत्येक ठाणाच्या दाराशी बाहेरच्या खिळ्याला एक मोहरकी आणि दोर टांगलेला असावा, रात्रीसुद्धा — आग लागली तर अंधारात शोधायला वेळ नसतो.

२९. पावसाळ्यात लोंबत्या वायरी आणि ओले स्विचबोर्ड यांवर डोळा ठेव. शंका आली तर घोडा तिथून नेऊच नकोस — ओल्या जमिनीवर, पायात लोखंडी नाल असताना, विजेचा थोडासा धक्काही घोड्याला माणसापेक्षा फार जास्त बाधतो.

३०. घोड्याजवळ छत्री उघडू नकोस, रेनकोट घाल. आणि गंजीवरचं प्लास्टिक दोरीने करकचून बांध — फडफडणारी गोष्ट त्याच्या लेखी झडप घालणारी गोष्ट असते.

३१. दुचाकी फाटकाबाहेर बंद कर आणि ढकलत आत आण. पागेतल्या कुत्र्यांना घोडे ओळखतात, तुझ्या पाहुण्यांच्या कुत्र्याला नाही — त्याला घरीच ठेवायला सांग.

३२. गणपतीत ढोल-ताशा जवळून जाणार असेल, किंवा दिवाळीत अंधार पडायला लागला, तर त्याआधीच घोडा ठाणात नेऊन पुढ्यात भरपूर गवत टाक — चघळणारं तोंड घाबरायला उशीर लावतं. ऐन आवाजात दोर धरून बाहेर उभी राहू नकोस.

३३. लीद दिसली की लगेच उचल, कुणाच्याही घोड्याची असो. आणि फावडं, पंजा, खराट्याची काठी वाटेत टाकू नकोस — पंजा टेकवून ठेवायचा तर त्याचे दात भिंतीकडे.

आता घोडा सुटला तर. हे एकदा होणारच, तुझ्या नाही तर शेजाऱ्याच्या हातून, म्हणून आधीच डोक्यात पक्कं करून ठेव. तो मागे ओढायला लागला तर त्याच्याशी जोर लावू नकोस, तुझी शक्ती किती ती. दोन पावलं त्याच्याबरोबर जा, आवाज हळू ठेव, बहुतेक वेळा तो स्वतःच थांबतो. मागच्या पायांवर उठला तर बाजूला सरक आणि दोर सैल सोड. खरंच उधळला तर दोर सोडून दे. घोडा पकडता येतो, मोडलेला खांदा जुळायला महिने जातात. मग एकच ओरड: ‘घोडा सुटला!’ ते ऐकल्यावर प्रत्येकाने काय करायचं ते ठरलेलं असावं. फाटकाजवळचा फाटक लावील, ज्यांच्या हातात घोडे आहेत ते जागच्या जागी थांबून त्यांची तोंडं गोंधळाकडे वळवतील, पोरं पाठीवर असतील तर खाली उतरवतील, आणि बाकीचे पळणार नाहीत. कुणीही पाठलाग करायचा नाही. सुटल्यामागे धावलं की सुटलेला दुप्पट धावतो. थोडी चंदी बादलीत घेऊन खळखळव, त्याच्याकडे पाठ करून उभी राहा. कळपातलं जनावर आहे ते, एकटं पळून त्याला कुठे जायचंय? पकडल्यावर मारू नकोस, ओरडू नकोस. त्याला शिक्षा पळण्याची वाटणार नाही, परत येण्याची वाटेल.

३४. ठाणात परत नेलं की आधी घोड्याचं तोंड दाराकडे वळव, मग मोहरकी काढ आणि तू मागे सरकत बाहेर ये — तोंड भिंतीकडे ठेवून सोडलास तर त्याचे मागचे पाय तुझ्या आणि दाराच्या मधे येतात. कुरणात सोडतानाही हेच: फाटकाकडे तोंड, मोहरकी काढली की तू आधी दूर. सुटल्याच्या आनंदात घोडे मागचे पाय उडवतात, त्यात राग नसतो, लागायचं तेवढं मात्र लागतं.

३५. कडी लावलीस की एकदा दार ओढून बघ, आणि खालचीही कडी लाव — काही घोडे वरची कडी ओठांनी उघडतात, आणि मग शेजाऱ्यांचीही उघडून देतात.

३६. लहान पोरं बघायला आली तर एका पोरामागे एक मोठं माणूस. त्यांच्या हातात दोर दिलास तरी दुसरा दोर तुझ्या हातात — पोराची मूठ घट्ट असते आणि सोडायचं त्याला सुचत नाही.

३७. बांधताना दोर तुझ्या छातीच्या उंचीवर, हातभर लांब, आणि थेट भिंतीच्या कडीला न बांधता कडीतल्या सुतळीच्या फेऱ्याला — घोडा घाबरून मागे रेटला तर सुतळी तुटावी, मान नाही. दाराला, फाटकाला किंवा उभ्या गाडीला तर कधीच नाही, कारण ते सगळं त्याच्या मागे ओढत येतं. आणि गाठ अशी मारायची, की लोंबतं टोक एकदा खेचलं की सगळी सुटली पाहिजे. ती गाठ कागदावर शिकवता येत नाही, मी बराच विचार केला. तेव्हा रविवारी जेवायला येताना तुझा दोर घेऊन ये. अंगणात कपड्यांच्या दोरीचा खांब आहे, तिथे तासभर बसू, आणि डाव्या हाताने, न बघता मारता आली की मग काकूच्या हातचं पुरण.